बंब येईपर्यंत



हंगाम तोंडावर आला की या पत्रिकेची पाने लागणीच्या नोंदी, तोडणीचा कार्यक्रम आणि वाहतुकीचे करार यांनीच भरून जातात. ते योग्यच आहे. पण यावेळी थोडी जागा आगीच्या विषयाला दिली आहे. ऊस पेटतो तो हंगामात, कोप्या पेटतात त्या हंगामात, आणि 'बंब वेळेवर आला नाही' म्हणून पारावर बसून अग्निशमन खात्याचा उद्धार होतो तोही याच दिवसांत. खात्याची बाजू घ्यावी असा आमचा हेतू नाही. पण बंब यायला जो वेळ लागतो त्या वेळात आगीजवळ कोण असते, आणि त्याला काय येते, याचा हिशेब एकदा मांडायला हवा.

वाकडचेच घ्या. १९९७ साली वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. त्याआधी ते मुळशी तालुक्यातले, मुळा नदीच्या काठचे, म्हातोबाच्या नावाने चालणारे गाव. आग लागली म्हणजे आरोळी हाच बंब. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागायची, घागर हातोहात पुढे जायची, आणि ज्याचे घर जळते आहे त्याच्याशी वैर असले तरी त्या रांगेत उभे राहावे लागायचे. न आलेल्याची आठवण गाव पुढे वीस वर्षे ठेवायचे.

आज वाकडला महापालिकेचे अग्निशमन दल आहे. त्याचे मुख्य केंद्र पिंपरीला संत तुकारामनगरात, वाकडला जवळचे उपकेंद्र रहाटणीला. पलीकडे हिंजवडीला एमआयडीसीचा बंब, मारुंजीला पीएमआरडीएचा. म्हणजे बंबांचा दुष्काळ नाही. पण संध्याकाळी सहा वाजता भूमकर चौकातून किंवा डांगे चौकातून आपली मोटारसायकल काढून बघा, म्हणजे पाण्याने भरलेला बंब तिथून कसा निघत असेल याची कल्पना येईल. बंबाला किंवा रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, कैदही आहे. पण वाट द्यायला जागाच नसेल तर दंड करणार कुणाला?

आणि आपल्यापैकी अनेकांची गोष्ट अशी, की घर वाकडला आणि ऊस माण, नेरे, कासारसाईच्या शिवारात. घर एका बंबाच्या हद्दीत, ऊस दुसऱ्याच्या. शिवारात बंब आला तरी तो बांधावर थांबतो. पुढे गाडीवाट, मग पाटाचा चर, मग कुणीतरी घातलेले तारेचे कुंपण. नळी जेवढी लांब तेवढेच पाणी. एकरभर वाळलेले पाचट वाऱ्यावर किती वेळात जाते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून पहिली दहा-पंधरा मिनिटे ही बंबाची नसतात. ती शेजाऱ्याची असतात. हे काही आपलेच दुर्दैव नाही. जगात सगळीकडे असेच आहे. फरक एवढाच, की काही देशांनी तो शेजारी शिकवून तयार ठेवला आहे. जर्मनीत गावोगाव स्वयंसेवकांची अग्निशमन दले आहेत आणि त्यांत सुमारे दहा लाख माणसे आहेत. त्यात शेतकरी आहे, सुतार आहे, शाळामास्तर आहे. भोंगा वाजला की हातातले काम टाकून निघायचे, आणि मालकाने त्याला अडवायचे नाही, असा कायदा आहे. चिली देशात तर आग विझवणारे सगळेच बिनपगारी. तिथले पहिले दल १८५१ साली व्हालपरायसो बंदरात निघाले. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात शेजाऱ्यांचे असेच मंडळ काढले होते. एकट्याला न पेलणारी गोष्ट गावाने वाटून घेतली, ज्याने त्याने आपला भाग टाकला. सहकारी कारखान्याच्या सभासदाला ही कल्पना समजावून सांगावी लागू नये.

आपल्याकडे तसे गावोगावचे दल नाही. पण पूर्वपीठिका आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान स्फोटात गेले. देशभर १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. पुढे दोनच वर्षांनी, ६ डिसेंबर १९४६ ला, मुंबईतच होमगार्ड दल उभे राहिले. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ चा; तो युद्धासाठी केलेला होता, पण २००९ च्या दुरुस्तीने पूर, आग, भूकंप हेही त्या दलाचे काम ठरले. आणि २०१६ पासून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना आहे. त्यात गावच्याच तरुण-तरुणींना बारा दिवसांचे शिक्षण मिळते, साहित्याची पिशवी मिळते, विमा उतरवला जातो.

आता कुणी म्हणेल, 'आपल्या भागात कोण असल्या भानगडीत पडतो?' पडतात, पुष्कळ पडतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गेले. १५१ माणसे गेली. गाव जागेवर नाही ही खबर बाहेर कुणी आणली? नेहमीच्या फेरीला गेलेल्या एसटीच्या चालकाने. त्याच्या नोकरीत ते काम नव्हते. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र' ही मंडळी किल्ले चढणारी. दरीत पडलेले, धबधब्यात वाहून गेलेले लोक ती वर्षानुवर्षे दोराने काढत आहेत. खोपोलीला 'अपघातग्रस्तांच्या मदतीला' नावाने माणसे जमली आहेत; द्रुतगती मार्गावर बोरघाटात गाडी उलटली की ती पोचतात. आणि १५ जून २०२५ चा रविवार तर ताजाच आहे. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ तिथून जवळ, सुदुंबऱ्याला आहे, हे नशीबच म्हणायचे. तरी पहिले हात स्थानिक लोकांचे आणि मावळातल्या बचाव पथकांतल्या पोरांचेच होते.

तेव्हा हिंमत कमी नाही. आमचे म्हणणे उलटे आहे. हिंमत जास्त आहे आणि शिक्षण कमी आहे, त्यामुळे माणसे जातात.

९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासे तालुक्यातले वाकडी गाव. बायोगॅसची शेणकाला साठवलेली जुनी विहीर. तिच्यात मांजर पडले. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला दुसरा, दुसऱ्यासाठी तिसरा. असे करत पाच माणसे गेली. त्यात एकाच घरातले होते, शेजारचे होते. सहावाही उतरला होता. तो वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि वरच्यांनी त्याला ओढून घेतला.

यातला एकही माणूस भित्रा नव्हता, मूर्खही नव्हता. शेणखड्ड्यात, मैल्याच्या टाकीत, बंद पडलेल्या जुन्या विहिरीत विषारी वायू साचतो आणि प्राणवायू उरत नाही. दोन श्वासांत शुद्ध जाते. हाक मारायलाही वेळ मिळत नाही, म्हणून वरच्याला वाटते, आतला पाय घसरून पडला. हवेलीतल्या, मुळशीतल्या कितीतरी गोठ्यांमागे असे खड्डे आहेत. ज्याने बारा दिवसांचे शिक्षण घेतले आहे तो तिथे काय करील? तो उतरणार नाही. बाकीच्यांना धरून ठेवील, १०१ ला फोन लावील, दोर आणि गळ वरून सोडील. बघणाऱ्याला हे भित्रेपणाचे वाटेल. पण वाकडीला असा एक माणूस त्या विहिरीच्या तोंडाशी उभा असता तर?

नदीचेही तेच. मुळशी धरणातून पाणी सोडले की मुळा फुगते, वाकडच्या नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरते. बुडणाऱ्याच्या मागे उडी टाकणे ही शेवटची गोष्ट. आधी काठी, मग दोर, मग ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब नाहीतर रिकामा बंद कॅन दोराला बांधून फेकायचा. पट्टीचा पोहणारासुद्धा बुडणाऱ्याच्या मिठीत सापडला की जातो.

आता उसाकडे वळू. फडाला आग लागण्याची कारणे आपल्याला पाठ आहेत. लोंबलेल्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागून ठिणगी पडते. डीपीवर जाळ होतो. कुणी बांधाचे गवत पेटवून चहाला जातो. (या तिसऱ्या कारणाबद्दल महावितरणला शिव्या देता येत नाहीत, म्हणून त्याची चर्चा फार होत नाही.) आग लागली की आपण सगळे एकच चूक करतो. ओल्या पोत्यांनी, फांद्यांनी झोडपत थेट जाळाच्या तोंडावर जातो, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला. तिथे उभ्या उसाची आग झोडपून विझत नाही. धुरात दिशा कळत नाही, सऱ्यांमध्ये पाय अडकतो.

काम करायचे ते बगलेने आणि पुढे. पहिल्यांदा वायरमनला फोन करून लाइन बंद करून घ्यायची. तार तुटून पडली असेल तर लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत तिच्याजवळ जायचे नाही, पाणीही मारायचे नाही. मग वाऱ्याच्या दिशेने पुढे, आग यायला पुरेसा वेळ आहे अशा अंतरावर, ऊस तोडून पट्टा मोकळा करायचा. तोडलेला ऊस आणि पाचट आगीच्या बाजूला न टाकता पाठीमागे लांब ओढायचे. द्राक्षाला, भाजीला फवारणीचा ट्रॅक्टरचा ब्लोअर कुणाकडे असेल तर तो आणि पाण्याचा टँकर पट्ट्याच्या कडेला लावून जमीन भिजवायची. समोरून उलटी आग लावण्याचा उद्योग शिकलेल्याखेरीज कुणी करू नये. त्यात शेजारच्याचा फड जातो आणि मग कोर्टकचेरी. अंगावर टेरिलिनचा शर्ट असेल तर काढून सुती घालावा. टेरिलिन वितळून कातडीला चिकटते. आणि उसाच्या आत कुणीही शिरायचे नाही. जळिताची कपात किती, पंचनामा कधी, हे वाद नंतर घालता येतात. ऊस पुन्हा लावता येतो.

कोप्यांचे तर बोलायलाच नको. टोळी आली की गावाबाहेर, पुष्कळदा आपल्याच रानात, कोप्या पडतात. पूर्वी पाचटाच्या असत, आता बऱ्याच प्लॅस्टिकच्या कागदाच्या. पहाटे चूल पेटते, बाया भाकरी थापतात, आणि तांबडे फुटण्याआधी टोळी फडावर जाते. मागे राहते ती लहान पोरे आणि विझलीसे वाटणारी चूल. एका कोपीला दुसरी टेकलेली असली की सगळी रांग जाते. कोप्यांत चार-पाच पावलांचे अंतर ठेवणे, चुली वाऱ्याच्या खालच्या अंगाला एकीकडे घेणे, पाण्याचा एक पिंप भरून ठेवणे आणि वाढ्यांची, पाचटाची गंजी कोप्यांपासून लांब लावणे यात पैशाचा प्रश्न नाही. मुकादमाला सांगायला लागते, एवढेच. आणि बैल! आग लागली की आधी दावी कापा. बांधलेला बैल जागेवर जळतो.

आता वाकडच्या, थेरगाव-ताथवड्याच्या सभासदांसाठी थोडे. ज्यांच्या उसाच्या जागी खोल्या, गाळे आणि गोदामे उभी राहिली त्यांचा फड वेगळा, आग तीच. ऑगस्ट २०२३ मध्ये चिखलीत पूर्णानगरला दुकानाला आग लागली. आत माळ्यावर झोपलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांचा बळी गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताथवड्याला टँकरमधून चोरून गॅस भरताना सिलिंडर उडाले, शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. रात्रीची वेळ होती म्हणून पोरे वाचली. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवड्याला वाढदिवसाच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. पहिल्याच दिवशी सहा जणी गेल्या, नंतर दवाखान्यात आणखी. भाडे महिन्याच्या महिन्याला येते, पण शटरच्या आत काय चालते हे जागामालकाला माहीत असलेच पाहिजे. रात्री आत कुणी झोपते का? दुसरे दार आहे का? हे पाहायला बंब लागत नाही. पिंपरी-चिंचवडात बचत गटाच्या बायकांनी दुकानोदुकानी फिरून आगीच्या सुरक्षेची पाहणी केली आहे. बायकांना दारात उभे करून विचारलेल्या प्रश्नाला दुकानदार टाळाटाळ करू शकत नाही, हा आमचा अंदाज. खात्याच्या नोटिशीचा तेवढा धाक नसावा.

मग करायचे काय? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक गावातून दहा नावे निघावीत, त्यात निदान तीन बायका असाव्यात. दिवसा गावात कोण असते, याचा विचार करून नावे काढा. पोरगा धडधाकट, पण सकाळी हिंजवडीला कामावर जाऊन रात्री नऊला परत येत असेल, तर दुपारी अकराच्या आगीला त्याचा उपयोग नाही. गोठ्यावर असणारा पन्नाशीचा माणूस बरा, अंगणवाडीच्या ताई बऱ्या. ज्यांचे वय बसते त्यांनी होमगार्ड किंवा नागरी संरक्षण दलात नाव घालावे. आपदा मित्रांची तुकडी कधी निघते याची चौकशी तहसील कचेरीत करावी. अग्निशमन केंद्राला गावाच्या वतीने लेखी विनंती करून जवानांना प्रात्यक्षिकाला बोलवावे. १४ एप्रिलच्या सप्ताहात ते येतातच. पण आपला हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, म्हणून ऑक्टोबरातच बोलवा. पुणे जिल्ह्यात ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनने नोंदवलेल्या सगळ्या घरांचे फोन वाजतात. चोरीसाठी, बिबट्यासाठी ती वापरतो तशी आगीसाठीही वापरता येते, पण त्यासाठी नंबर नोंदवलेला हवा.

या दहा जणांना दोन गोष्टी तरी हातात बसल्या पाहिजेत. एक, भाजलेल्या जागेवर वाहते साधे पाणी, पुरती वीस मिनिटे. बर्फ नाही, शाई नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. मग स्वच्छ फडके आणि दवाखाना. दुसरे, माणूस निपचित पडला आणि श्वास नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, दोन इंच खोल, १०८ ची गाडी येईपर्यंत थांबायचे नाही. हे वाचून येत नाही. बाहुल्यावर करून यावे लागते, आणि पहिल्यांदा करताना हात भरून येतात.

'मदत केली आणि पोलिसाच्या फेऱ्यात अडकलो' ही भीती मात्र आता सोडा. रस्त्यावरच्या अपघाताबाबत २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४अ आले आहे. चांगल्या बुद्धीने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

शेवटची गोष्ट फोनची, कारण बंबाचा अर्धा उशीर तिथे होतो. घाबरलेला माणूस १०१ किंवा ११२ ला सांगतो, 'वाकडजवळ आग लागलीय, लवकर या,' आणि ठेवून देतो. वाकडजवळ म्हणजे कुठे? गट नंबर सांगू नका, तो बंबवाल्याला कळत नाही. डांबरी कुठे सुटते, कोणत्या मंदिरापासून कोणत्या हाताला वळायचे, पुढे मोरी आहे का आणि तिच्यावरून जड गाडी जाईल का, ते सांगा. जळते काय, आत माणूस आहे का, ते सांगा. समोरचा ठेवीपर्यंत फोन ठेवू नका. आणि एका पोराला मोटारसायकल देऊन डांबरीवर उभे करा, रात्र असली तर हातात बॅटरी देऊन.